चार लाखांची हॉलिडे मेंबरशिप घ्यावी का? सोलापूरच्या एका गणवेश व्यावसायिकाच्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात शालेय गणवेश शिवण्याचा कारखाना. घरात नवरा-बायको, सातवीतला मुलगा, तिसरीतली मुलगी आणि आई. ‘लकी ड्रॉमध्ये गिफ्ट लागलंय, दोघांनी मिळून घ्यायला या’ असा फोन आला, होटगी रोडवरच्या एका हॉटेलात तीन तास बसवलं आणि 25 वर्षांची हॉलिडे मेंबरशिप समजावून सांगितली. वर्षाला 7 रात्री, स्टुडिओ खोली, वरून दुसऱ्या दर्जाचा सीझन. किंमत 4 लाख अधिक जीएसटी, वर दरवर्षीचं शुल्क 18,000 अधिक जीएसटी. ‘50,000 भरा, रविवारपर्यंत हीच ऑफर धरून ठेवतो’ असं म्हणताहेत. घ्यावी का, आणि घ्यायचीच तर कशी?

या किमतीला, या सीझनची, या खोलीची मेंबरशिप घेऊ नका. टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमधल्या रात्री वर्षानुवर्षांसाठी आगाऊ विकत घेण्याची अशी मेंबरशिप, सरसकट फसवणूक असते, असं माझं म्हणणं नाही. नावाजलेल्या कंपन्यांचे रिसॉर्ट चांगले असतात, आणि दरवर्षी न चुकता आठवडाभर बाहेर पडणारी, एरवीही महागड्या हॉटेलातच उतरणारी कुटुंबं या मेंबरशिपवर खूश असतात. तुमचं गणित किमतीच्या आधी कॅलेंडरवरच अडतं.

आधी विकत काय मिळतंय ते पाहू. भारतात बहुतेक ठिकाणी जे विकलं जातं तो फक्त वापराचा हक्क असतो. रिसॉर्टच्या जागेत तुमचा वाटा नसतो, दस्त नोंदणी होत नाही, बँक ते तारण म्हणून घेत नाही आणि 25 वर्षं संपली की हातात काही उरत नाही. यादीतलं एखादं रिसॉर्ट कंपनीने भाडेकरारावर घेतलेलं असेल तर ते पुढे यादीतून निघूही शकतं, आणि तशी मुभा करारात कंपनीने ठेवलेली असते. त्यामुळे ‘ही तुमची गुंतवणूक आहे साहेब’ हे वाक्य कानावर पडलं की ते तिथेच सोडून द्या. हा पुढच्या सुट्ट्यांचा आगाऊ भरलेला खर्च आहे आणि त्याच नजरेने तपासायचा आहे.

आता कॅलेंडर घ्या. गणवेशाचा धंदा मार्चपासून तापतो आणि जूनमध्ये शाळा उघडून आठवडा-दोन आठवडे जाईपर्यंत मालकाला जागा सोडता येत नाही. म्हणजे सगळा महाराष्ट्र फिरायला निघतो त्या एप्रिल-मेमध्ये तुम्ही कारखान्यात. तुम्हाला सवड ऑगस्ट ते ऑक्टोबर, पण तेव्हा मुलांची शाळा आणि चाचण्या. राहिली दिवाळीची सुट्टी. लक्ष्मीपूजन घरी, पाडवा-भाऊबीज नातेवाइकांत, म्हणजे खऱ्या अर्थाने मोकळा मिळतो तो भाऊबीज झाल्यावरचा आठवडा. नेमका तोच आठवडा अख्ख्या महाराष्ट्राला हवा असतो आणि गुजरातलाही, कारण तिकडच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या लाभपाचमीपर्यंत बंद असतात. नाताळचा आठवडा आहे, पण तो सगळ्यात वरच्या दर्जात मोडतो. जानेवारीत संक्रांत आणि सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा. त्या दिवसांत सोलापूरकर गाव सोडून जात नाही, उलट पाहुणे घरी येतात.

प्रत्येक कंपनी वर्षाचे असे दर्जे पाडते. एका मोठ्या कंपनीत ते जांभळा, लाल, पांढरा, निळा अशा रंगांनी ओळखले जातात. नियम सगळीकडे साधारण सारखाच: वरच्या दर्जाचा मेंबर खालच्या दिवसांत जाऊ शकतो, खालच्या दर्जाच्या मेंबरला वरचे दिवस उघडत नाहीत. तुम्हाला दाखवलेला दर्जा वरून दुसरा आहे. दिवाळीनंतरचा तो आठवडा महाबळेश्वर, गोवा, कूर्ग, मुन्नार या ठिकाणी कोणत्या दर्जात येतो, हे रिसॉर्टवार तक्त्यात पाहा, कारण एकाच तारखेला गोव्याचा दर्जा वेगळा आणि मुन्नारचा वेगळा असू शकतो. तो तक्ता हातात घेतल्याशिवाय पुढचं बोलणंच करू नका. तोंडी ‘दिवाळी येते साहेब यात’ याला काही किंमत नाही.

दर्जा जुळला तरी खोली मिळेलच असं नाही, आणि त्यामागचा हिशोब फारसा कुणी समजावत नाही. एका खोलीचे वर्षात 52 आठवडे. दुरुस्ती-रंगकामाचे सोडले तर 50 धरा. प्रत्येक मेंबरला एक आठवडा, म्हणजे एका खोलीमागे 50 मेंबर झाले तरी कागदावर हिशोब चोख. पण शाळांच्या सुट्ट्यांचे आठवडे मोजा: उन्हाळ्याचे सहा-सात, दिवाळीचे दोन, नाताळचा एक. म्हणजे दहाच्या आसपास. मुलं शाळेत असलेली तीस-पस्तीस कुटुंबं या दहा आठवड्यांवर तुटून पडतात. कंपनीने एकही नियम मोडला नाही, तरी तुमच्या नशिबी वर्षाआड ‘खोली उपलब्ध नाही’ येऊ शकतं. म्हणून विक्रेत्याला एकूण मेंबर किती आणि एकूण खोल्या किती, हे दोन आकडे विचारा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या वार्षिक अहवालात ते सहसा सापडतात.

याहून सोपी परीक्षा अशी: विक्रेत्याला त्याच्याच लॅपटॉपवर मेंबरांचं बुकिंग पोर्टल उघडायला सांगा. फोटोंचं पान नको, बुकिंगचं पान. त्यावर येत्या दिवाळीनंतरचा आठवडा, स्टुडिओ, तुमच्या आवडीची तीन ठिकाणं टाकायला लावा. ‘आत्ता सर्व्हर डाउन आहे’ किंवा ‘मेंबर झाल्यावर लॉगिन मिळतं’ असं उत्तर आलं, तर ओळखीतल्या एखाद्या जुन्या मेंबरच्या लॉगिनवरून तेच करून बघा. सोलापुरात अशी चार घरं तुमच्या ओळखीत निघतीलच.

खोलीच्या बाबतीत तर ही योजना पहिल्याच वर्षी गळते. स्टुडिओ म्हणजे एकच खोली, त्यात सहसा दोन मोठी माणसं आणि बारा वर्षांखालची दोन मुलं धरतात. तुम्ही पाच जण, त्यात आई, आणि सातवीतला मुलगा बारा ओलांडतोच आहे. रिसॉर्टच्या काउंटरवर आधार कार्डावरची जन्मतारीख पाहून जादा माणसाचे पैसे सांगतात किंवा दुसरी खोली घ्यायला लावतात. विक्रेता यावर ‘मग वन बेडरूम घ्या’ म्हणेल आणि किंमत दीड-दोन लाखांनी वर जाईल, वार्षिक शुल्कही. मुलगा दहावीला गेला की ते वर्ष फिरणं बंद, बारावीला पुन्हा तेच, मग मुलगी. 25 वर्षांतली चार वर्षं अशीच गेली. पुढे मुलं शिकायला आणि नोकरीला पुण्या-हैदराबादला गेली की त्यांच्या सुट्ट्या आणि तुमच्या सुट्ट्या जुळवणं हा वेगळाच उद्योग.

आता पैसे. विक्रेता 4,00,000 भागिले 175 रात्री असं करून ‘फक्त 2,286 रुपये रात्र’ असं कागदावर गोल करून दाखवतो. त्यात त्याने तीन गोष्टी सोडल्यात. 18 टक्के जीएसटी धरून किंमत 4,72,000 होते. वार्षिक शुल्क जीएसटीसह 21,240. ते 7 रात्रींवर वाटलं तर रात्रीचे 3,034 नुसते त्याचेच झाले. म्हणजे मूळ किमतीपेक्षा दरवर्षीचं शुल्क जास्त भारी पडतं, आणि ते स्थिरही नाही. वर्षाला 6 टक्के वाढ धरली तर पंचविसाव्या वर्षी ते सुमारे 86,000 होतं आणि 25 वर्षांची बेरीज 11.65 लाखांच्या घरात जाते. तिसरी गोष्ट म्हणजे आज एकरकमी दिलेल्या पैशाचं बुडालेलं व्याज.

तिन्ही धरून आजच्या भावात तुलना कशी करायची ते सांगतो. 7 टक्के व्याज आणि 6 टक्के भाववाढ धरली, तर 4,72,000 च्या ठेवीतून पहिल्या वर्षी सुमारे 22,500 आणि पुढे दरवर्षी 6 टक्के जास्त असे 25 वर्षं काढता येतात, तेव्हा कुठे ती ठेव संपते. हे 22,500 आणि शुल्काचे 21,240, मिळून सुमारे 43,750. सातही रात्री वापरल्या तर रात्रीला 6,250 रुपये, आणि हा आकडाही दरवर्षी वाढत जाणार. सरासरी पाचच रात्री वापरल्या तर 8,750. चार वापरल्या तर जवळपास 11,000. आता त्याच रिसॉर्टची तीच खोली त्याच तारखांना बुकिंगच्या साइटवर मेंबर नसलेल्याला कितीला मिळते ते पाहा. बहुतेक रिसॉर्ट रिकाम्या खोल्या बाहेरही विकतात. तो भाव कराच्या रकमेसह 9,000 च्या वर असेल आणि तुम्ही सातही रात्री वापरणार असाल, तर मेंबरशिप परवडते. तुम्ही एरवी महाबळेश्वरला तीन हजारांच्या खोलीत किंवा गणपतीपुळ्याला एमटीडीसीत आनंदाने उतरत असाल, तर इथे बचत नाही. नकळत खर्चाचा दर्जा वाढवून घेतलाय, एवढंच.

व्याजाचा एक मुद्दा तुमच्यासारख्या धंदेवाल्यांसाठी वेगळा. तुमचं बँकेत सीसी (कॅश क्रेडिट) खातं, म्हणजे धंद्यासाठी मर्यादेपर्यंत पैसे उचलायचं कर्जखातं असणारच, आणि मार्च ते जून ते मर्यादेपर्यंत उचललेलं असतं. सीसीचा दर साडेदहा टक्के असेल, तर 4,72,000 त्यातून उचलून मेंबरशिपला दिले की वर्षाला 49,560 रुपये व्याज चढतं, अर्थात जितके महिने खातं उचललेलं राहील त्या प्रमाणात. एखाद्या वर्षी या नुसत्या व्याजातच दिवाळीची सहल निघेल.

‘हप्त्यावर घ्या’ म्हणतील. 20 टक्के रोख, म्हणजे 94,400, आणि उरलेले 3,77,600 चार वर्षांच्या हप्त्यांत 15 टक्क्यांनी घेतले तर महिन्याला सुमारे 10,500 जातात आणि व्याज 1,27,000 च्या आसपास. ‘शून्य टक्के’ असेल तर रोखीने किती सूट देता ते विचारा. जी सूट रोखीला मिळते आणि हप्त्याला मिळत नाही, ते व्याजच. इथे आणखी एक खाच आहे. हप्ते बहुतेकदा फायनान्स कंपनीकडून होतात. म्हणजे तुम्ही दोन वेगळे करार करता: एक सुट्टीचा, एक कर्जाचा. पुढे सुट्टीच्या कंपनीशी भांडण झालं म्हणून हप्ता थांबवला, तर कर्ज थकतं आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा गुणांक, तुमचा बिघडतो. उद्या मशिनरीसाठी कर्ज मागायला गेलात की हेच आडवं येतं. त्यामुळे हॉटेलच्या त्या टेबलावर मोबाइलवर आलेला ओटीपी सांगणं किंवा बँक खात्यातून आपोआप वळतीला मान्यता देणं, हे अजिबात नको.

‘फर्मच्या नावावर घ्या, जीएसटीचा सेट-ऑफ मिळेल’, म्हणजे इथे भरलेला जीएसटी धंद्याच्या जीएसटीतून वजा करता येईल (यालाच क्रेडिट म्हणतात), असंही सांगतात. मिळत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) मध्ये क्लबच्या सभासदत्वावरचं आणि कर्मचाऱ्यांना सुट्टीसाठी दिलेल्या प्रवासलाभावरचं क्रेडिट सर्वसाधारणपणे अडवलेलं आहे. घरच्यांच्या सहलीचा खर्च आयकरातही धंद्याचा खर्च धरला जात नाही. तुमच्या सीएंना एक फोन करा, हेच सांगतील.

राहण्याशिवायचे खर्च घरी बसून ध्यानात येत नाहीत. जेवण धरलेलं नसतं. डोंगरावरच्या रिसॉर्टमधून रोज गावात जेवायला उतरणं होत नाही, आणि पाच माणसांचा नाश्ता-जेवण दिवसाला पाच-सहा हजारांवर सहज जातं. काही ठिकाणी सणासुदीला जेवणाचं पॅकेज सक्तीचं असतं. प्रवास वेगळाच. महाबळेश्वर स्वतःच्या गाडीने सहा-सात तास. गोव्याला 2025 मध्ये सोलापूरहून विमान सुरू झालं, पण त्या आठवड्यातलं वेळापत्रक आधी तपासायचं. मुन्नारला जायचं तर पुणे–कन्याकुमारी एक्सप्रेसने एर्नाकुलम, तिथून टॅक्सीने चार-पाच तास. जायचे दोन आणि यायचे दोन दिवस धरले तर सात रात्रींच्या सुट्टीला अकरा दिवस कारखाना सोडावा लागतो. त्यात रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं आणि गर्दीच्या आठवड्यातली रिसॉर्टची खोली त्याच्या कितीतरी आधी धरावी लागते. म्हणजे खोली आधी, तिकीट नंतर. तिकीट वेटिंगला राहिलं आणि ऐनवेळी खोली सोडली, तर करारातल्या मुदतीप्रमाणे त्या रात्री बुडतात. मेंबरांच्या ज्या रात्री वाया जातात त्यातल्या पुष्कळ अशाच जातात. न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेता येतात हे खरं, पण किती वर्षं, आणि शुल्क भरलेलं असेल तरच की नाही, हे कलम वाचा.

आता त्या अर्जाकडे जवळून पाहू, कारण पुढची सगळी भांडणं तिथे ठरतात. पुढच्या पानावर नाव, पॅन, सीझन, खोलीचा प्रकार, मुदत, किंमत, रोख रक्कम, हप्ते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अटी. सहीच्या वर एक ओळ असते, तिचा अर्थ असा: या अर्जात लिहिलेल्याखेरीज मला कोणतंही तोंडी आश्वासन दिलेलं नाही. तीन तासांत ऐकलेलं ‘दिवाळी नक्की’, ‘नाही आवडलं तर आम्हीच विकून देऊ’, ‘पहिली तीन वर्षं शुल्क माफ’ हे सगळं त्या एका सहीने पुसलं जातं. नंतर कंपनीकडून पडताळणीचा फोन येतो आणि तो रेकॉर्ड होतो: ‘याशिवाय काही सांगितलं आहे का?’ शेजारी बसलेला विक्रेता खुणेने ‘नाही म्हणा, फक्त फॉर्मॅलिटी आहे’ सुचवतो. तिथे तुम्ही ‘नाही’ म्हणालात की पुराव्याचा दुसरा दरवाजाही बंद. म्हणून जे आश्वासन हवंय ते अर्जाच्या मोकळ्या जागेत पेनाने लिहायचं, विक्रेत्याची सही-शिक्का घ्यायचा, आणि फोनवर तेच वाचून दाखवायचं. लिहून द्यायला तो तयार नसेल, तर उत्तर तुम्हाला मिळालंच.

मन बदललं तर? युरोपीय संघात टाइमशेअरच्या ग्राहकाला 14 दिवसांत कारण न देता माघार घेण्याचा हक्क 2008 च्या निर्देशाने दिलेला आहे. आपल्याकडे टाइमशेअरचा असा वेगळा कायदा नाही. जी काही मुदत मिळते ती कंपनीच्या करारातून, बऱ्याचदा 10 दिवसांची. दिवस कधीपासून मोजायचे, पैसे भरल्यापासून की करारावर सही झाल्यापासून, हे आधी विचारा. गफलत अशी होते की छापील करार आणि ते सुंदर पाकीट कुरियरने सोलापूरला पोचेपर्यंत मुदत संपत आलेली असते किंवा संपलेली असते. तोवर तुम्ही अटी वाचलेल्याच नसतात. म्हणून कोऱ्या कराराची प्रत पैसे भरण्याआधी ईमेलवर मागवा आणि घरी बसून वाचा. माघार घ्यायचीच झाली तर विक्रेत्याला व्हॉट्सॲप करून थांबू नका. ‘थांबा साहेब, मी वर बोलतो’ म्हणत तो उरलेले दिवस घालवतो. कंपनीच्या अधिकृत ईमेलवर आणि नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने, त्याच दिवशी, मेंबर क्रमांक आणि भरलेल्या रकमेसह ‘मेंबरशिप रद्द करून पूर्ण परतावा द्या’ असं दोन ओळींत लिहा. कर्ज काढलं असेल तर त्या फायनान्स कंपनीलाही प्रत. मुदत उलटल्यावर रद्द केलं तर वापरलेल्या वर्षांचे आणि प्रशासकीय खर्चाचे पैसे कापून उरलेले मिळतात, आणि ती कपात जबर असते.

रविवारच्या मुदतीची धास्ती घेऊ नका. ऑफर सोमवारी पुन्हा येते, महिनाअखेरीला तर जरा सुधारून येते. 50,000 चं टोकन अजिबात भरू नका. ‘परत मिळतं’ म्हणाले तर तेच पावतीवर लिहून मागा. फुकट मिळालेलं दोन रात्रींचं व्हाउचर वापरायला हरकत नाही, पण त्यात सणाचे दिवस आणि शनिवार-रविवार वगळलेले असतात, आणि वर ‘सेवाशुल्क’ म्हणून काही हजार मागतात.

एवढं सगळं ऐकूनही घरच्यांची हौस असेलच, तर क्रम असा ठेवा. आधी एक दिवाळी त्याच कंपनीच्या रिसॉर्टमध्ये पैसे मोजून तीन रात्री राहून या. जेवणाच्या रांगेत इतर मेंबरांशी बोला. बुकिंग किती महिने आधी करता आणि शुल्क गेल्या पाच वर्षांत किती वाढलं, हे दोनच प्रश्न विचारा. ब्रोशरपेक्षा हे जास्त कामाचं. मग कंपनीकडून नवी घेण्याऐवजी जुन्या मेंबरकडून हस्तांतराने मिळते का पाहा. मुलं मोठी झालेली किंवा परदेशी गेलेली कुटुंबं उरलेली बारा-पंधरा वर्षं मूळ किमतीच्या बऱ्याच खाली द्यायला तयार असतात. नव्या मेंबरशिपला बाजारात भाव टिकत नाही, याचा हा उलटा फायदा. तुमच्या गरजेला वन बेडरूम, वरचा सीझन, उरलेली दहा-बारा वर्षं, असं जुळलं तर विचार करण्यासारखं आहे. तेवढ्यात मुलंही मार्गाला लागतील.

हस्तांतरात घाई केली की फसगत होते. विकणाऱ्याकडून मूळ प्रमाणपत्र पाहा, पण विश्वास कंपनीच्या पत्रावर ठेवा: वार्षिक शुल्क कुठपर्यंत भरलंय, कर्ज बाकी आहे का, आगाऊ वापरलेल्या रात्री किती, शिल्लक वर्षं किती, आणि हस्तांतर शुल्क किती. थकलेलं शुल्क व्याजासह नव्या मालकाच्या गळ्यात पडतं. आंतरराष्ट्रीय अदलाबदलीसारखे (आपला आठवडा देऊन परदेशातल्या रिसॉर्टचा आठवडा घेणं) काही लाभ हस्तांतरानंतर मिळत नाहीत, तेही लेखी घ्या. ही अदलाबदल बहुधा आरसीआयमार्फत होते. ही संस्था 1974 पासून याच कामात आहे. पण तिची फी वेगळी, आणि तुमचा ऑफ सीझनचा आठवडा देऊन स्वित्झर्लंडचा डिसेंबर मिळेल अशी आशा धरू नका. विकणाऱ्याला थोडा इसार द्या आणि बाकी रक्कम कंपनीने तुमच्या नावाचं पत्र दिल्यावरच.

कंपनी कोणती, यालाही फार महत्त्व आहे. 25 वर्षांचा शब्द देणारी कंपनी स्वतः 25 वर्षं जुनी आहे का, तिचे स्वतःचे रिसॉर्ट किती, ताळेबंद जाहीर होतो का? एखादा हॉल भाड्याने घेऊन चार दिवस प्रेझेंटेशन करून जाणाऱ्या, ‘जगभरात हजारो हॉटेलांशी टाय-अप’ सांगणाऱ्या छोट्या कंपन्यांपासून तर लांबच राहा. त्यांच्याकडे स्वतःची एकही खोली नसते. तुम्ही तारीख मागितली की ते बाहेरून खोली शोधतात, परवडली नाही तर ‘उपलब्ध नाही’. आणि जिथे ‘रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत’ असं सांगतात, तिथे तर क्षणभर थांबू नका. तो सुट्टीचा नव्हे, ठेवी गोळा करण्याचा धंदा आहे. पॅनकार्ड क्लब्जने हॉटेलच्या रात्रींच्या नावाखाली अशाच योजना चालवल्या. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने त्या बेकायदा सामूहिक गुंतवणूक योजना ठरवल्या आणि 2016 मध्ये सुमारे 7,000 कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. पैसे गुंतवणारे 50 लाखांच्या वर होते, आणि आपल्या महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ती प्रमाणपत्रं अजून कपाटात आहेत.

ज्यांनी आधीच घेतलीय आणि आता पस्तावताहेत, त्यांच्यासाठीही थोडं. शुल्क भरणं नुसतं बंद करणं हा मार्ग नव्हे; थकबाकी व्याजाने वाढते आणि बुकिंग बंद होतं. वापरता येत नसेल तर नियमात बसत असेल तसं भावाला-बहिणीला त्या रात्री द्या, हस्तांतराचा ग्राहक शोधा, किंवा लेखी रद्द करून कपातीचा तपशील मागा. खोटं सांगून विकल्याचा पुरावा असेल, म्हणजे व्हॉट्सॲपवरची आश्वासनं, पेनाने लिहिलेला कागद, बुकिंग नाकारल्याचे स्क्रीनशॉट, तर आधी कंपनीला लेखी तक्रार, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद, आणि तरी दाद नाही तर ग्राहक आयोग. करारात ‘वाद चेन्नई किंवा मुंबईच्या न्यायालयातच’ असं लिहिलेलं असतं, त्याला घाबरून गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे सोलापुरातच, तक्रार करता येते. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. करारात लवादाचं कलम (वाद न्यायालयाऐवजी मध्यस्थाकडे सोडवायची अट) असलं तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. ‘पुढच्या वर्षी नक्की देतो’ या आश्वासनांवर अनेकांची हीच दोन वर्षं निघून जातात.

आणखी एक सापळा नेमका अशा वैतागलेल्या मेंबरांसाठी लावलेला असतो. ‘तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक तयार आहे, साडेपाच लाख देतोय, फक्त हस्तांतराचा जीएसटी 28,000 आधी भरा’ असा फोन येतो. बोलणाऱ्याला तुमचा मेंबर क्रमांक, रिसॉर्टचं नाव, सगळं माहीत असतं. पैसे भरले की दुसरी फी निघते, मग तिसरी. खरा खरेदीदार तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून घेत नाही. पैसे गेलेच असतील तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा आणि बँकेला कळवा. रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते.